दामू गोजरची गाड्यांची खोली

दामू गोजरला नोकरी लागली भातसानगरला, धरणावर, फिटर म्हणून. आणि गाड्यांचा नाद लागला तोही तिथेच. कॉलनीतल्या एका इंजिनियरसाहेबांची बदली झाली होती. सामान ट्रकमध्ये चढवायला दामू गेला. सगळं भरून झालं तरी व्हरांड्यात एक खोका उरला. साहेबांची बायको म्हणाली, "तो भंगारात द्या." खोक्यात पत्र्याचं लाल इंजिन होतं, चावीचं, आणि दोन डबे. साहेबांचे वडील लहानपणी त्याच्याशी खेळले होते. स्प्रिंग तुटलेली, रंग उडालेला. दामूनं विचारून ते सापगावला घरी आणलं, शहापूरच्या घड्याळवाल्याकडून जुनी स्प्रिंग घेऊन बसवली आणि ओटीवर सोडलं. इंजिन सरळ जाऊन उंबऱ्यावर आपटलं आणि उताणं पडून चाकं फिरवत राहिलं. त्याची बायको जना तेव्हा नवी नवरी होती. ती तोंडाला पदर लावून एवढी हसली, की सासू आतून बघायला आली.

त्यानंतर दामू जाईल तिथं जुनी खेळण्यातली गाडी शोधू लागला. शुक्रवारी रजा मिळाली की मुंबईच्या चोर बाजारात. कल्याणच्या दोन भंगारवाल्यांना त्यानं सांगूनच ठेवलं होतं. कोणाचा जुना बंगला विकला जातोय असं कळलं, की माळ्यावरच्या सामानाची चौकशी करायला हा हजर. नव्या प्लास्टिकच्या गाड्यांकडे तो ढुंकूनही बघत नसे. गाडी पत्र्याची हवी, जुनी हवी आणि शक्यतो बंद पडलेली हवी. ती चालू करण्यातच त्याची खरी गंमत होती.

घरात कामाची वाटणी आपोआप होऊन गेली होती. नोकरी दामूची, शेती जनाची. भाताचा राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं ती बघायची. माणसं बोलवायची, त्यांच्याबरोबर स्वतः चिखलात उतरायची. दामूला भाताच्या दोन जाती ओळखता येत नसत आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. प्रज्वल आणि नम्रता ही दोन्ही पोरंही जनाच्याच अवतीभवती वाढली. नम्रताचं लग्न होऊन ती मुरबाडकडे धसईला गेली. प्रज्वल डोंबिवलीला राहायला गेला, कंपनीत लागला.

दामू रिटायर झाला तेव्हा त्यानं घरामागं पत्र्याची एक लांब खोली बांधली. आत बांबूच्या घोड्यांवर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या आणि त्यावर रूळ ठोकले. दोन रुळांवर चावीच्या गाड्या आणि तीन रुळांवर विजेच्या, ट्रान्सफॉर्मर लावून. गोणपाट आणि प्लॅस्टर वापरून त्यानं माहुलीचा डोंगर केला, सुळक्यांसकट. स्टेशनांच्या पाट्या स्वतः रंगवल्या. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. आणि एका कोपऱ्यात, कुठल्याच नकाशात नसलेल्या जागी, मुरबाड. मुरबाडला रेल्वे येणार येणार हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. नम्रताचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना त्यानं तिथं उभं करून गाडी आणून दाखवली. म्हणाला, "बघा व्याही, सरकारच्या आधी आमी आणली." सासरे पोट धरून हसले.

पत्र्याची चाकं, पत्र्याचे रूळ आणि खाली पोकळ फळ्या. चार गाड्या एकदम सुटल्या की खोलीत बोललेलं शेजारच्या माणसाला ऐकू येत नसे. दामूला तेच आवडायचं. एक हात फळीवर टेकवून तो उभा राहायचा आणि डोळे गाडीबरोबर फिरायचे. जेवायला हाक मारून उपयोग नाही हे जनाला पहिल्या आठवड्यातच कळलं. मग तिनं युक्ती काढली. मीटरची पेटी ओटीवर होती. ती मेन स्विच खाली ओढायची आणि परत वर करायची. विजेच्या गाड्या थबकायच्या, दिवा जायचा-यायचा, आणि दामू बाहेर येऊन म्हणायचा, "आलो गो."

"एक दिवस घर जळंल तरी तुमाला कळायचा नाय," ती म्हणायची. पण हे म्हणताना ती रागावलेली नसायची. फावल्या वेळात तीही खोलीत येऊन बसायची, तांदूळ निवडत. डोंगरावरची झाडं तिनंच केली होती, वाळलेल्या शेवाळाची.

पुढं एका वर्षी दामूला इगतपुरीला एक इंजिन मिळालं. रेल्वेच्या जुन्या ड्रायव्हरच्या घरातलं, इंग्लंडमध्ये बनवलेलं, हिरवं, विजेवर चालणारं. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. वरून नवं वाटत होतं, पण चाकं हातात घेतल्यावर बिस्किटासारखी चुरली. जुन्या ओतीव जस्ताला हा रोग असतो. बाहेरून काही दिसत नाही, आतून धातू भुसभुशीत होत जातो. दामूनं मुरबाडच्या एका लेथवाल्याकडून नवी चाकं करून घेतली. ती बसवण्यात त्याची दिवाळी गेली. प्रज्वल आणि त्याची बायको रुपाली सणाला येऊन परत गेली, तरी हा खोलीतच.

ते इंजिन ज्या दुपारी पहिल्यांदा चाललं, त्याच दुपारी जना गेली. म्हणजे दवाखान्यात जीव गेला नंतर, पण जायची सुरुवात तेव्हा झाली.

झोडणी उरकली होती आणि घरामागं पेंढ्याची उडवी रचलेली होती. जना म्हशीला पेंढा काढायला गेली. तिनं हात घातला आणि मनगटाच्या वर घोणसानं धरलं. घोणस सहज सोडत नाही. तिनं झटकून सोडवलं आणि घराकडे चालू लागली. गोठ्यापर्यंत आली. तिथून गाड्यांची खोली हाकेच्या अंतरावर आहे. तिनं हाक मारली. आत नवं इंजिन सुटलं होतं, आणि त्याच्या जोडीला बाकीच्याही गाड्या सोडल्या होत्या, दामू खुशीत होता म्हणून. तिनं परत परत हाका मारल्या. ओटीवरच्या मेन स्विचपर्यंत जायला तिला घराला वळसा घालावा लागला असता. पायात तेवढा जोर राहिला नसावा. ती गोठ्याच्या मेढीच्या खांबाला टेकून खाली बसली.

वाडीवरचा कमळू लाकडाची मोळी घेऊन मागच्या वाटेनं चालला होता. तो गोजरांच्या शेतावर बरीच वर्षं कामाला येत असे. जनाला तशी बसलेली बघून त्याला आधी वाटलं, दमली असेल. जवळ गेला तर हात कोपरापर्यंत सुजलेला आणि दातांच्या फटीतून रक्त.

"त्यांना बोलव," ती म्हणाली. "घोणस. मगापासून हाका मारते."

कमळू मोळी टाकून धावला. खोलीच्या दारातून ओरडला. दामूनं वळून पाहिलं नाही. मग त्यानं आत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं. दामूची नजर गाडीवर होती. हिरवं इंजिन डोंगराच्या वळणावर आलं होतं, तिथं ते रूळ सोडेल अशी त्याला भीती होती. तोंड न वळवता त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "थांब, ही फेरी होऊ दे."

कमळूनं त्याला दंडाला धरून फिरवलं. त्याचं तोंड पाहिल्यावर दामूला कळलं.

शेजाऱ्यांच्या जीपमधून जनाला शहापूरला नेलं. तिथं लस दिली आणि पुढं ठाण्याला पाठवलं. रस्ताभर ती शुद्धीवर होती. म्हशीचं दूध काढायचं राहिलंय, हे तिनं दामूला दोनदा सांगितलं. ठाण्याला दुसऱ्या दिवशी तिची लघवी बंद झाली. डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. प्रज्वल आणि नम्रता येऊन पोचली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टर तरुण होते. दामूनं त्यांना जिन्यात गाठलं. "साहेब, लवकर आणली असती तर वाचली असती?"

"काका, तसं सांगता येत नाही. विष किती गेलं होतं त्यावर असतं."

"पण वाचली असती की नाय? एक काय ते सांगा."

"नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. ते खरंच सांगत होते. पण दामूला वाटलं, हो किंवा नाही, दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. हे तिसरं उत्तर घेऊन घरी जाणं फार अवघड.

दहाव्याला नदीवर माणसं जमली होती. कमळू लांब एका खडकावर बसला होता. कोणीतरी त्याला विचारलं, कसं झालं रे नेमकं? त्यानं सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं; जसं घडलं तसं तो सांगत गेला. मोळी, मेढ, रक्त. आणि मग, "मी दादाला हलवला तं दादा बोलला, थांब, ही फेरी होऊ दे." बोलून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. मागे प्रज्वल उभा होता, नुकतंच डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुपारी प्रज्वल बापाजवळ येऊन म्हणाला, "बाबा, खोलीत चला."

दामूला वाटलं, आता हा सगळं मोडणार. मोडलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. प्रज्वल दारात उभा राहिला. "त्या दिवशी जेवढ्या चालू होत्या तेवढ्या चालू करा."

"कशाला रे?"

"करा. मी गोठ्यापाशी जातो. आई बसली होती तिथं. तिथून मी हाक मारतो. ऐकू येते का ते मला बघायचंय."

नम्रता मध्ये पडली. "दादा, वेडा झालास काय?" प्रज्वलनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो गोठ्याकडे चालू लागला.

दामूनं चाव्या दिल्या. ट्रान्सफॉर्मर लावला. एकेक करून सगळ्या गाड्या सोडल्या, हिरवं इंजिनसुद्धा. खोली आवाजानं भरून गेली. तो फळीवर हात न ठेवता, दाराकडे तोंड करून उभा राहिला. नम्रता घराच्या मागच्या कोपऱ्यावर होती, तिथून तिला दोघंही दिसत होते. प्रज्वल मेढीला पाठ लावून खाली बसला, आई बसली होती तसा, आणि ओरडला, "अवो!" आई मारायची तशी हाक. पुन्हा ओरडला. पुन्हा. त्याचा आवाज चिरकला. काही वेळानं दामू दारात आला आणि गोठ्याकडे चालत आला.

"ऐकू आली?" प्रज्वलनं विचारलं.

नाही म्हणण्याची सोय होती. मागे गाड्या धडधडत होत्या, नम्रता मान हलवून खुणावत होती.

"आली," दामू म्हणाला.

प्रज्वल उठला, अंगाला चिकटलेला पेंढा झटकला, आत जाऊन बॅग उचलली. रुपाली मागोमाग निघाली. फाट्यापर्यंत दोघं चालत गेली. त्यानंतर त्यानं बापाला फोन केला नाही, आणि दामूनं केलेला उचलला नाही.

दामू घरात एकटा राहिला. म्हैस नम्रताच्या नवऱ्यानं धसईला नेली. पुढच्या पावसाळ्यात शेत कमळूला अर्धेलीनं दिलं. गावातली माणसं तोंडावर काही म्हणत नसत. पण किराणा दुकानात दामू शिरला की बोलणं थांबायचं, हे त्याला दिसायचं. एका बाईनं आपल्या नातवाला, "त्या खोलीकडं जायचा नाय," असं रस्त्यावरच दटावलं. ते त्याला दिसलं, त्यानं मान खाली घातली.

खोलीत तो जाईनासा झाला. पत्र्यातून कुठंतरी गळत होतं. माहुलीचा डोंगर भिजून खाली बसला, रुळांना तांबेरा चढला. नम्रता गणपतीला आली तेव्हा तिनं दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. "बाबा, हे सगळं कुणाला तरी द्या. नायतर माझ्याकडं येऊन राहा."

पुण्याचे एक गृहस्थ आले, दामूसारखेच जुन्या गाड्यांचे शौकीन. पूर्वी दोघांची चोर बाजारात ओळख झाली होती. ते एकेक डबा हळुवार उचलत होते. म्हणाले, "दामूभाऊ, हे हिरवं एकदा चालवून दाखवता?"

"नाय," दामू म्हणाला. "न्यायचं तर असंच न्या."

त्यांनी सगळं खोक्यांत भरलं. दामूनं स्वतः खोके गाडीपर्यंत नेऊन दिले. त्यांनी पैसे पुढं केले, ते नम्रताकडे द्यायला सांगून तो घरात गेला. नंतर फळ्या काढल्या, बांबू सोडवले. त्यात कमळूनं त्याला मदत केली. काम चालू असताना कमळू म्हणाला, "दादा, नदीवर मी बोललो नसतो तं..." दामू स्क्रू काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही. कमळूनं तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. तरी दामूनं वर पाहिलं नाही. कमळूला वाटलं, राग गेलेला नाही.

ही गोष्ट कमळूनं नम्रताला सांगितली, दुःखानं. नम्रता मात्र विचारात पडली. तिला आठवायला लागलं की बाबा टीव्ही किती मोठा लावतात. फोनवर "काय? काय?" करत राहतात आणि शेवटी "बरं बरं" म्हणून ठेवून देतात. मागून बोललेल्याला कधीच उत्तर देत नाहीत. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की गाड्यांच्या आवाजामुळे त्यांना काही ऐकू येत नाही. पण आता तर गाड्या नव्हत्या.

तिनं त्याला कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही कान बऱ्यापैकी गेलेत; आजचे नाहीत, पुष्कळ वर्षं हळूहळू जात असणार. तोंडाकडे बघून समजून घेत असतील, म्हणून घरच्यांना कळलं नाही. नम्रतानं विचारलं, "मशीन वगैरे चालू असताना, तीसेक पावलांवरून कोणी ओरडलं तर?"

"शांत असताना ऐकू आलं तरी पुष्कळ," डॉक्टर म्हणाल्या.

नम्रता त्याच संध्याकाळी भावाशी बोलली. प्रज्वलनं आधी ऐकूनच घेतलं नाही. मग म्हणाला, "पण ते मला 'ऐकू आली' म्हणाले."

रविवारी तो सापगावला आला. दामू ओटीवर सुपात वाल निवडत बसला होता, जमेल तसे. प्रज्वल समोर बसला, तोंड दिसेल असा. हे त्याला बहिणीनं शिकवलं होतं.

"बाबा, त्या दिवशी माझी हाक तुमाला ऐकू आली नव्हती."

"आली."

"डॉक्टर बोलतात येणं शक्य नाय."

दामूनं सूप बाजूला ठेवलं. "कोणाची आली ते नाय सांगता येत रे. पण आली."

"नाय म्हणाला असतात तर एवढं वर्ष..." प्रज्वल म्हणाला. "मी किती वाईट वागलो."

"कान गेले ते आता कळलं," दामू म्हणाला. "पण कमळूला थांब म्हणालो ते तं मीच ना. माणूस खांद्याला हात लावतो तं बघावं का नको त्याच्याकडं? त्याला कान कशाला लागतात."

प्रज्वलनं सूप ओढून घेतलं आणि उरलेले वाल तो निवडू लागला. जेवायची वेळ झाली तेव्हा दोघांनी मिळून भात टाकला. तो खाली लागला. तसाच खाल्ला.

आता प्रज्वल महिन्यातून एखादा रविवार येतो. त्यानं बापाला कानाचं यंत्र घेऊन दिलं आहे. पहिल्या दिवशी ते घातलं तेव्हा दामू दचकला. कौलांवरून पळणाऱ्या खारी, मोरीत ठिबकणारं पाणी, स्वतःच्या चपला, सगळं एकदम अंगावर आलं. मुलगा यायचा असतो त्या दिवशी तो आठवणीनं यंत्र घालतो, दोघं शेतावर जातात, थोडं बोलतात. प्रज्वल आईचा विषय काढत नाही. फाट्यावर त्याला रिक्षात बसवून दामू परत येतो, यंत्र काढतो आणि डबीत ठेवतो.

"रोज का नाय घालत?" नम्रतानं एकदा फोनवर विचारलं. तिला तेच तीनदा विचारावं लागलं.

"बरं बरं," दामू म्हणाला आणि फोन ठेवला.